दूरदर्शनचा एक आख्खा दिवस: तुमच्या वाट्याला कोणता तुकडा आला?

चपटी वायर

डोंबिवलीचं घर रिकामं करताना माळ्यावर बाबांची एक दोनशे पानी वही सापडली. पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात 'टी.व्ही.' आणि आत दर आठवड्याला एक पान. रविवारी 'साप्ताहिकी' लागलं की बाबा पेन घेऊन बसायचे आणि पुढच्या सात दिवसांचे कार्यक्रम उतरवून काढायचे. निवेदिका काही त्यांच्यासाठी थांबायची नाही, त्यामुळे सगळं तुटक: 'आ.मा.आ.मा., ज्ञान., बात., गज.' बहुतेक पानं १९७९ ते १९८४ मधली. काही ओळींपुढे बरोबरची खूण आहे, म्हणजे बघितलं. समासात बारीक अक्षरात 'ज्वा.', 'तूर', 'कां.' असं लिहून पुढे आकडे. वाण्याचा हिशोब असावा, पण आकडे बघून वाटलं, आम्ही खानावळ चालवत होतो की काय.

तर कल्पना अशी, की आपण सगळ्यांनी मिळून मुंबई दूरदर्शनचा एक दिवस जुळवायचा. ज्याला जो तुकडा आठवतो तो त्याने टाकायचा. सुरुवात मी करतो.

माझा तुकडा संध्याकाळचा. तेव्हा दिवसभर टीव्ही नसायचाच, त्यामुळे 'दिवस' म्हणजे संध्याकाळ ते रात्र. शेजारच्या काकांकडे लाकडी शटरचा सेट होता. शटर सरकवायचा मान त्यांच्या धाकट्याचा. बटण दाबल्यावर पडदा उजळायला अर्धं मिनिट लागायचं आणि तेवढ्यात आवाज आधी यायचा. मग ती धून आणि दोन वळणदार आकार गरगरत येऊन त्यांचा डोळा व्हायचा. ती धून पंडित रविशंकर यांची, उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांच्या साथीनं केलेली, आणि ते बोधचिन्ह अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकणाऱ्या देवाशिष भट्टाचार्य यांनी काढलेलं, हे मला पन्नाशीत कळलं. तेव्हा आम्हाला ते भूत वाटायचं. धाकटी बहीण तेवढ्यापुरती सतरंजीखाली जायची.

मग 'किलबिल'. एखाद्या दिवशी गुजराती 'संताकुकडी' किंवा 'आवो मारी साथे'. केम छोच्या पलीकडे मला जे काही गुजराती येतं ते तिथलंच, कारण उठून गेलं तर सतरंजीवरची जागा जायची. मग शेतीचा कार्यक्रम, 'आमची माती आमची माणसं'. आमच्यापैकी कोणाच्या घरी कुंडीतली तुळस सोडून माती नव्हती, पण मावा आणि तुडतुडे यांतला फरक आम्हाला येत होता. बाबा ऑफिसातून येऊन बूट काढता काढता नेमके त्या वेळी काकांच्या दारात उभे राहायचे. पुढे आमचा सेट आल्यावर तर खुर्ची ओढून बसायचे. आम्ही पोरं 'कधी संपतंय' म्हणून चुळबुळत असायचो.

एकच वाहिनी होती त्यामुळे सगळा महाराष्ट्र एकच संध्याकाळ बघत होता, हे आता नवल वाटतं. टाका तुमचे तुकडे.

आळशी उंदीर

वाचनखूण साठवली.

माझा तुकडा गुरुवारचा, 'छायागीत'. त्या रात्री आमच्याकडे जेवण आधी किंवा नंतर, मध्ये नाही. बाकी ज्ञान शून्य.

नीलाक्षी

मस्त धागा, चपटी वायर, म्हणजे आमचे चवा!

बातम्यांचा तुकडा माझा. प्रदीप भिडे, अनंत भावे, भक्ती बर्वे. समोर कागद, कागदात बघायचं, मान वर करायची, परत कागद. पान उलटल्याचा आवाज ऐकू यायचा. हल्ली चार माणसं एकदम ओरडतात, तेव्हा एक माणूस आपल्यालाच सांगतोय असं वाटायचं. आमच्या आजीला तर खात्री होती की ते तिला बघतात. बातम्या लागल्या की डोक्यावर पदर. भिडे 'नमस्कार' म्हणाले की ही पण 'नमस्कार'.

स्मिता पाटील बातम्या द्यायची ते मी बघितलेलं नाही, आई सांगायची. जीन्सवरच साडी गुंडाळून बसायची म्हणे, कारण कॅमेऱ्यात खालचं दिसत नाही. आईला हे कळल्यावर तिचा बातम्यांवरचा विश्वास थोडा उडाला होता.

आणि 'चिमणराव' कसं विसरलात? दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे. याकूब सईद आणि विजया जोगळेकर यांची निर्मिती. चिं. वि. जोशींची पुस्तकं घरात होती, ती मी मालिका बघून मग वाचली. त्यामुळे पुस्तकातला चिमणराव मला कायम प्रभावळकरांच्याच आवाजात बोलतो, बिचाऱ्याला स्वतःचा आवाज मिळालाच नाही. बाळ कर्व्यांना तर रस्त्यात लोक गुंड्याभाऊ म्हणूनच हाक मारायचे.

गच्चीवरचा काटा

अवांतर, पण आयडीला जागतो. ज्याने अँटेना फिरवली नाही त्याने दूरदर्शन बघितलं नाही. मी पुण्यात. आमचा काटा सिंहगडाकडे, तिथल्या मनोऱ्यावरून १९७३ पासून मुंबईचं यायचं. गच्चीवर मी, जिन्यात भाऊ, घरात बाबा. बाबा म्हणणार 'आलं', भाऊ ओरडणार 'आलं', तोवर मी पुढे फिरवलेलं, की 'गेलं!' भावापर्यंत बातमी यायला जो वेळ लागायचा त्यात सगळा घोटाळा. शेवटी कळलं की मी काट्याला धरून उभा असलो की चित्र स्वच्छ येतं. सोडला की मुंग्या. एक आख्खा 'गजरा' मी असा गच्चीवर धरून काढलाय. खालून हसण्याचे आवाज येत होते.

बाभूळकाटा

चवा, धागा छान, पण 'सगळा महाराष्ट्र एकच संध्याकाळ बघत होता' हे काही पटलं नाही.

मी लातूरकडचा. आमच्याकडं टीव्ही आला तो तालुक्याच्या गावी छोटा मनोरा उभा राहिला तेव्हा, ८४-८५ कडं. ग्रामपंचायतीत एक सेट, कुलपाच्या पेटीत. आणि त्या मनोऱ्यावरून मुंबई नाही, दिल्ली यायची. तुमचा गजरा, तुमचं ज्ञानदीप, तुमचे प्रदीप भिडे, यातलं काही म्हणजे काही नाही. तुमचा चिमणराव मी पहिल्यांदा मोबाईलवर बघितला, तोही चाळिशी उलटल्यावर.

आमच्या वाट्याला 'कृषि दर्शन' होतं, हिंदीतलं. दिल्लीत ते १९६७ पासून चालू होतं आणि दिल्लीच्या आजूबाजूच्या शेतकऱ्यासाठी ठीकच असणार. आम्ही ज्वारी-तुरीची माणसं, आणि समोर गहू आणि सरसों. सरसों म्हणजे काय ते मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, मोहरी. आजीला सांगितलं की दिल्लीकडं मोहरीची शेतंच्या शेतं असतात. म्हातारी हसली. म्हणाली, "फोडणीला लागती तरी किती?"

म्हणजे डोंबिवलीत, जिथं कुंडीतली तुळस, तिथं मराठीत मावा-तुडतुडे, आणि आमच्या रानात खरा मावा पडलेला असताना आम्ही हिंदीत मोहरी बघतोय. पुढं उपग्रहावरून मुंबईचे कार्यक्रम आमच्या मनोऱ्यावर यायला लागले तेव्हा 'आमची माती आमची माणसं' आमच्यापर्यंत पोचलं. तोवर नाव आमचं, बघणारे तुम्ही.

भांडत नाही, तुकडा टाकतोय.

तिरकस

बाभूळकाटा +१००.

आता मी काडी टाकतो. एवढे उमाळे येतायत तर हेही लिहा की ते सरकारी भोंपू होतं. १९७६ मध्ये किशोरकुमारने सरकारच्या कार्यक्रमाला नकार दिला म्हणून त्याची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून गायब केली होती. आळशी उंदरा, तुझ्या त्या छायागीतात आणीबाणीत किशोर नव्हता, रफी-मुकेशवर भागवलं जात होतं. बातम्या म्हणजे मंत्र्यांनी कुठे फीत कापली त्याची यादी. आजीबाईंनी पदर घेतला, ठीक आहे, पण समोरचा माणूस तिला काय *सांगत नव्हता* तेही बघा.

नीलाक्षी

तिरकस, मान्य. पण भिडेंनी फीत कापली नव्हती हो, ते वाचत होते फक्त.

तिरकस

भोंपू कितीही सुरेल असला तरी भोंपूच. (भिडेंचा आवाज सुरेल होता, हे लिहून ठेवतो, नाहीतर नीलाक्षी झोपू देणार नाही.)

मुंग्यामुंग्या

बाभूळकाटा म्हणतात तसल्या एका छोट्या मनोऱ्याखाली माझी नोकरी झाली. गाव सांगत नाही. दोन शब्द लिहितो, लांबले तर माफ करा.

शंभर वॅटचा ट्रान्समीटर, एक चालू, एक राखीव. आवारात जाळीची मोठी छत्री, तिचं तोंड आकाशात इन्सॅट-१बी कडे. हा उपग्रह १९८३ मध्ये अमेरिकेच्या अवकाश शटलमधून सोडला आणि त्याच्या जिवावर दुसऱ्या वर्षी देशभर धडाधड मनोरे उभे राहिले. शंभर वॅटला दहा-पंधरा किलोमीटर म्हणजे डोक्यावरून पाणी. छत्रीवर जे येईल तेच पुढे सोडायचं, आमच्याकडे कॅमेरा नाही की स्टुडिओ नाही. उपग्रहावर दिल्ली होती म्हणून दिल्ली. कोणी लातूरवर डूख धरून केलं नव्हतं, यंत्रच तसं होतं. मुंबई आणि पुण्याला मुंबई, आणि आमच्यासारख्या छोट्या मनोऱ्यांना दिल्ली. बाभूळकाटा, तुमचा राग रास्त आहे, फक्त तो आमच्या गेटवर काढला जायचा एवढंच.

कारण लोकांना वाटायचं, टीव्ही आम्ही दाखवतो. 'रुकावट के लिए खेद है' ही पाटी दिल्लीने लावली तरी दगड आमच्या पत्र्यावर. १९८७-८८ ला रविवारी सकाळी साडेनऊला 'रामायण' असायचं. वीज गेली आणि जनरेटर उचलला नाही, तर पाच मिनिटांत फाटकाशी पन्नास माणसं. एकदा तर एक आजोबा नारळ घेऊन आले आणि म्हणाले, "यंत्रापुढं फोडा, चालू होईल." फोडला. झालं चालू. त्यानंतर दर रविवारी नारळ यायला लागला, आम्हीही नाही म्हणालो नाही.

आता गंमत सांगतो, ही फार कोणाला माहीत नसते. वर्षातून दोनदा, मार्चमध्ये आणि परत सप्टेंबर-ऑक्टोबरकडे, काही दिवस सूर्य बरोब्बर उपग्रहाच्या पाठीमागे येतो. छत्री उपग्रहाकडे बघते म्हणजे सूर्याकडेच बघते, आणि सूर्याचा गोंगाट एवढा की खरा सिग्नल त्यात बुडतो. काही मिनिटं नुसत्या मुंग्या. आमच्याकडे ही वेळ दुपारी साडेबाराच्या पुढेमागे यायची. त्या सुमाराला विद्यापीठ अनुदान आयोगाचे इंग्रजी कार्यक्रम असायचे, १९८४ च्या स्वातंत्र्यदिनापासून सुरू झालेले. आमच्या रजिस्टरमध्ये सगळ्या नोंदी आहेत: 'सौर व्यत्यय, इतकी मिनिटे.' माझ्या सगळ्या नोकरीत त्या मुंग्यांबद्दल तक्रार आली ती एक. एका मुलीने पोस्टकार्ड पाठवलं होतं, की आज पेशीविभाजन अर्धंच दिसलं, पुन्हा केव्हा दाखवाल. आम्ही तिला सूर्याचं कारण लिहून कळवलं. पुन्हा केव्हा, ते आमच्या हातात नव्हतं.

आळशी उंदीर

मुंग्याकाका, हे कमाल आहे. आम्ही दुपारच्या त्या कार्यक्रमात फक्त नाव बघून टीव्ही बंद करायचो. ती मुलगी कुठे असेल आता?

मधली बहीण

बरेच दिवस नुसती वाचते इथे, आज लिहिते.

माझी थोरली बहीण जन्मतः ऐकू न येणारी. रविवारी दुपारी मूकबधिरांसाठी बातम्या लागायच्या, १९८७ मध्ये सुरू झाल्या त्या. तुम्हाला आठवत असतील तर 'त्यानंतर प्रादेशिक चित्रपट' एवढ्यासाठीच आठवत असतील. माझा तुकडा तो.

एरवी घरात बातम्या लागल्या की ताई सगळ्यांच्या तोंडाकडे बघायची. कोणी हळहळलं की खांद्याला हात लावून विचारायची, काय झालं. आम्ही 'नंतर सांगते' म्हणायचो. नंतर म्हणजे बहुधा नाहीच. रविवारी दुपारी मात्र उलटं. ती पुढे बसायची, अगदी पडद्याला नाक लावून. राजीव गांधी, पंजाब, श्रीलंका, या सगळ्याला खुणा होत्या आणि त्या तिला आमच्याआधी कळायच्या. एकदा आमच्या टीव्हीचा आवाज गेला होता, तर आख्खं घर तिच्या तोंडाकडे बघत होतं, आणि ती म्हणाली, खुणेनेच, "नंतर सांगते."

आणखी एक. तिच्या शाळेत खुणा करायला बंदी होती. हात मांडीवर ठेवायचे, ओठ वाचायचे आणि बोलायचं, अशी तेव्हाची पद्धत. हातावर पट्टी बसायची. आणि सरकारी टीव्हीवर इस्त्रीची साडी नेसलेली बाई सगळ्या देशासमोर खुणा करते! ताईने त्यातल्या कितीतरी खुणा तिथूनच उचलल्या आणि सोमवारी मधल्या सुट्टीत मैत्रिणींना शिकवल्या. पंधरा मिनिटांचाही कार्यक्रम नसेल तो.

तिरकस, भोंपूचं मान्यच आहे. पण हे कोणी जाहिरातीच्या पैशावर दाखवलं असतं का, ते सांगा.

तिरकस

नसतं दाखवलं. काडी परत घेतली, विझवून खिशात ठेवली.

गच्चीवरचा काटा

मधली बहीण, "नंतर सांगते" वाचून एकटाच हसतोय आणि बायको विचारतेय काय झालं. मीही तेच म्हणालो.

चपटी वायर

सगळ्यांचे आभार. चोवीस तासांत धागा माझ्या हातातून निसटला हे बरंच झालं. बाभूळकाटा, तुमचं बरोबर आहे. मी 'सगळा महाराष्ट्र' लिहिलं आणि माझ्या डोळ्यासमोर कल्याण ते दादर होतं. एक दिवस जुळवायला निघालो, तर लातूरकडे दिवस वेगळा, आणि एकाच घरात ताईचा वेगळा.

वहीत मीही परत डोकावलो. गजरा, छायागीत यांच्यापुढे बरोबरची खूण कधी आहे, कधी नाही. 'प्रतिभा आणि प्रतिमा' पुढे फार क्वचित, म्हणजे साहित्याशी बाबांचं बेताचंच. 'कामगार विश्व' अधूनमधून. 'आ.मा.आ.मा.' पुढे मात्र एकही खाडा नाही. पाच वर्षांत. आणि ते ज्वा.-तूरचे आकडे त्याच ओळींच्या समासात आहेत.

बाभूळकाटा

आकडे कसे आहेत? शेकड्यात का?

चपटी वायर

हो. म्हणून तर खानावळ म्हणालो.

बाभूळकाटा

अहो, वाण्याचा हिशोब नाही तो. क्विंटलचे भाव आहेत. बाजारभाव सांगत्यात ते उतरवून घेतले तुमच्या वडिलांनी. तुमची शेती होती काय?

चपटी वायर

आमची? बाबा बार्शीचे, पण मी जन्मल्यापासून शेती हा शब्द घरात ऐकलेला नाही. आईला फोन करतो. ती ऐंशीची आहे, पण टीव्हीच्या बाबतीत अजून तल्लख.

चपटी वायर

बोललो. जसंच्या तसं टाकतो.

"होती की पाच एकर. वाट्यानं दिलेली. त्यांचा मामेभाऊच करायचा. पाडव्याच्या आसपास यायचा पैसे घेऊन, आणि दर वर्षी एकच, की भाव पडला, भाव पडला. म्हणून हे लिहून ठेवायचे."

"मग जुळायचा का हिशोब?"

"एकदाही नाही."

"बाबा काही बोलले नाहीत?"

"छे. बोलायचे कसले. तो जेवायला बसला की वही टीपॉयवर उघडी ठेवायचे. त्याला दिसेल अशी. एवढंच."

आणि मग म्हणाली, की १९८४ ला जमीन त्यालाच देऊन टाकली. वही तिथेच संपते. मी आपला समजत होतो की घरात रंगीत टीव्ही आला म्हणून लिहायचं सुटलं.

नीलाक्षी

अगं बाई.

आळशी उंदीर

उघडी वही टीपॉयवर! हसून हसून पुरेवाट.

बाभूळकाटा

हसा, पण एक सांगतो, राग मानू नका. टीव्हीवर सांगायचे तो मोठ्या बाजारातला भाव. बार्शीच्या अडत्याकडं तो कुठनं मिळणार? त्यातनं अडत जाती, हमाली, तोलाई, पोत्याचं, गाडीभाडं. आणि सुगीत सगळ्यांचा माल एकदम येतो तेव्हा भाव पडतोच, खोटं नाही ते. मामेभावाला रोख पाहिजे असणार, त्यानं पहिल्याच आठवड्यात माल घातला असणार. वहीतला आकडा आणि त्याच्या हातातला आकडा कधी जुळायचाच नव्हता. माणूस बहुतेक सरळ होता तुमचा.

मुंग्यामुंग्या

हे खरं. माझ्या सासुरवाडीला तुरीचं असंच व्हायचं.

चपटी वायर

आईला हे सांगितलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आता सांगतोस?"